गाडीला फेस, शेवटच्या वस्तीला कोरडा नळ

गावात गाड्या वाढल्या, ही चांगलीच गोष्ट आहे. दुधाचे कॅन, बाजाराचा माल, दवाखान्याची धावपळ, सगळे सोपे झाले. पण गाडी दारात आली की ती धुणेही आले. त्यातच आता एक नवी वस्तू घरोघर दिसू लागली आहे. बागेला पाणी घालायच्या नळीच्या टोकाला बसवायची फेसाची बाटली. बाटलीत शाम्पू घालायचा, नळ सोडायचा, खटका दाबायचा, की गाडीवर पांढरा फेस. पोरांना मजा वाटते, गाडीही चकचकीत निघते.

तुम्ही म्हणाल, यात गावकारभाराचा काय संबंध? संबंध आहे. बाटली लहान आहे, पण तिच्यामागची नळी सगळ्या गावाच्या पाइपलाइनीला जोडलेली आहे.

बाटली चालते कशी?

नळीतून आलेले पाणी बाटलीच्या तोंडाशी एका बारीक भोकातून जोरात जाते. त्या वेगामुळे तिथे ओढ तयार होते, बाटलीतला शाम्पू वर खेचला जातो, त्यात पाणी आणि हवा मिसळते आणि फेस बाहेर पडतो. ड्रिपवाल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. ठिबकातून विद्राव्य खत सोडायला आपण जी व्हेंच्युरी लावतो, तिचेच हे धाकटे भावंड आहे. आणि व्हेंच्युरीला दाब लागतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

नेमकी गोम इथेच आहे. पाण्याला दहा मीटर उंची दिली तर साधारण एक किलोचा दाब मिळतो. घराच्या स्लॅबवर टाकी असेल तर खाली अंगणात अर्धा किलोही दाब मिळत नाही. गावचा जलकुंभ बारा मीटर उंच धरला, तरी पाइपात दाब खर्च होत होत तुमच्या नळाला किलोभरही उरत नाही. ही बाटली मात्र दोन-तीन किलो दाब मिळाला तरच नीट फेस देते. ज्या शहरांत नळाला चोवीस तास दाबाने पाणी असते, तिथल्या हिशेबाने ती बनवलेली आहे. आपल्या नळाला ती लावली तर साबणाचे पातळ पाणी गळते.

मग काय होते? घरमालक नळाला थेट मोटार लावतो.

मोटारीचे दुखणे

नळाला मोटार लावणे हा गावोगावचा जुना रोग आहे. फेसाच्या बाटलीने तो आणला नाही, पण त्याला आणखी एक निमित्त दिले. वरच्या आळीत मोटार सुरू झाली की पाइपातले पाणी तिकडे ओढले जाते आणि खालच्या टोकाच्या वस्तीत बायका हंडे घेऊन कोरड्या नळापुढे बसतात. एकाची गाडी धुतली जाते, दहा घरांची पाळी चुकते.

पाणी कमी मिळणे एवढ्यावर हे थांबत नाही. मोटारीच्या ओढीने पाइपातला दाब उलटा होतो. जिथे सांधा गळका आहे, पाइप गटाराशेजारून गेला आहे, तिथून घाण पाणी आत शिरते. पावसाळ्यात एकाच आळीत जुलाब-उलट्यांची साथ येते, तेव्हा आपण पावसाला दोष देतो. गळक्या सांध्याकडे आणि मोटारीकडे कुणी बघत नाही.

दुसरा धोका नळीचा. समजा तुमची नळी नळाला जोडलेली आहे, टोक साबणाच्या बादलीत बुडालेले आहे, आणि तेवढ्यात शेजाऱ्याने मोटार लावली किंवा पाणी सुटण्याची वेळ संपली. बादलीतले पाणी उलटे पाइपात जाऊ शकते. साबणापुरते असेल तर एकवेळ चालेल. पण हीच नळी उद्या औषधाच्या पिंपात बुडवून ठेवलेली असेल तर? पुढच्या घरात पोराने तोंड लावलेल्या नळातून काय येईल याचा विचार करा. नळी कधीही पिंपात बुडवून सोडू नका. टोक पाण्याच्या वर वीतभर राहिले पाहिजे. नळाला उलट-झडप, म्हणजे प्लंबर ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो, ती बसवली तर आणखी चांगले.

पाण्याचा हिशेब

फेसाला पाणी थोडेच लागते. पाणी जाते ते आधी चिखल काढताना आणि नंतर फेस धुताना, तेही नळी उघडी ठेवल्यामुळे. तुमची नळी किती पाणी देते ते घरीच मोजा. पंधरा लिटरची बादली मिनिटात भरली तर दहा मिनिटांत दीडशे लिटर गेले. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले, त्यात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे एक गाडी जवळजवळ तीन माणसांचे दिवसाचे पाणी पिऊन गेली. रस्त्याकडेच्या धुलाई केंद्रावर याच हिशेबाने दिवसाला वीस गाड्या धरल्या तर तीन हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर तिथे सव्वातीन दिवस पुरेल.

दसऱ्याला खंडेनवमीची पूजा म्हणून ट्रॅक्टर-गाडी धुतली, विहिरी भरलेल्या आहेत, तर कुणाची तक्रार नाही. प्रश्न मार्च ते जूनचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरात पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत नळीने गाडी धुणाऱ्यांना दोन हजारांचा दंड लावण्यासाठी पथके निघाली. शहरांनी पाणी आटल्यावर दंड लावला. गावाला त्याआधी शहाणे होता येते. केंद्रीय भूजल प्राधिकरणानेही ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने जमिनीतून उपसलेल्या पिण्यायोग्य पाण्याच्या नासाडीला मनाई केलेली आहे. तेव्हा बोअर माझे, पाणी माझे, असे म्हणून भागणार नाही.

फेस जातो कुठे?

गाडीवरचा फेस दोन मिनिटांत दिसेनासा होतो, पण संपत नाही. त्याच्याबरोबर ग्रीस, डिझेल, ऑइल आणि माती वाहून ओढ्याला जाते. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस वारकऱ्यांनी पाहिला आहे. तो कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याचा, गाड्यांच्या धुण्याचा नव्हे. पण साबणाचे पाणी नदीत गेले की विरून जाते, या समजुतीला तो पुरेसे उत्तर आहे. गावचा ओढा लहान, म्हणून त्याला थोडा फेसही भारी.

सरपंचांनी आणि सदस्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा प्रवाहात आणि विहिरीत घाण सोडायला मनाई करतो, आणि ‘प्रवाह’ या शब्दात त्याने कोरडा पडलेला ओढा आणि जमिनीखालचे पाणीही धरले आहे. ओढ्याला आता पाणीच नाही, मग बिघडले कुठे, ही सबब कायद्याला चालत नाही.

मग गाडी धुवायचीच नाही का?

जरूर धुवा. चिखल अंगावर राहिला तर पत्रा गंजतो. फेसालाही अर्थ आहे. तो माती सैल करतो, त्यामुळे फडक्याखाली खडे घासून रंगावर ओरखडे येत नाहीत. पण त्यासाठी नळाला जोडायची बाटली कशाला? हाताने हवा भरायची दोन लिटरची फेसाची बाटली मिळते. तिला नळाचा दाब लागत नाही, मोटार लागत नाही, उलट पाणी जाण्याची भीती नाही. गाडी सावलीत, इंजिन गार झाल्यावर घ्या. एक बादली पाण्याने चिखल भिजवा, फेस मारा, तीन-चार मिनिटे थांबा, पण वाळू देऊ नका. मऊ फडक्याने पुसा आणि वरून खाली धुवा. चार बादल्यांत, म्हणजे साठ लिटरमध्ये काम होते. बोअरचे पाणी जड असेल तर लगेच कोरडे पुसा, नाहीतर पांढरे डाग पडतात. कपड्याची पावडर वापरू नका, तिने रंगाची चमक जाते. फवारणीचा पंप वापरायचा असेल तर गाडीसाठी वेगळाच ठेवा. औषधाचा, त्यातही तणनाशकाचा पंप या कामाला नको.

ग्रामसभेपुढे चार गोष्टी

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या ग्रामसेवकांनी, हा विषय उन्हाळ्याआधीच्या ग्रामसभेत घ्यावा. एक, नळाला थेट मोटार लावणाऱ्याला आधी नोटीस आणि नंतर नळ बंद, हा ठराव. तो सदस्याच्या घरापासून लागू झाला तरच गाव मानेल. दोन, मार्च ते जून नळाच्या पाण्याने नळी लावून गाडी धुणे बंद, बादलीने चालेल. तीन, धुलाई केंद्राला नाहरकत देण्याआधी पाणी कुठून घेणार आणि सोडणार कुठे, हे लेखी घ्यावे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का तेही विचारून घ्यावे. चार, केंद्रावर दोन कप्प्यांचा हौद असावा. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात ऑइल वर तरंगते आणि खाली वळवलेल्या पाइपाने तळाकडचे पाणी बाहेर येते. ते पाणी चिखल भिजवायला पुन्हा वापरता येते. वर साचलेले ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात ओतू नये.

यात पैसा फारसा लागत नाही, थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. नळाला मोटार कुणाची आहे हे गावात सगळ्यांना माहीत असते, बोलत कुणी नाही. शेवटच्या वस्तीत नळाखाली हंडा भरतो की नाही, यावरून पंचायतीचा कारभार ओळखावा.