हौशी माणसाला वगळून झालेली सुधारणा

बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेल्या विद्यार्थ्याला चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य असतं, त्याच्या बुद्धीचं नुकसान भरून न येणारं असतं, असा शेरा डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये मारला होता. संगणकशास्त्राच्या वर्गांत तो इतक्या वेळा सांगितला गेला की, बेसिक आपल्या दोषांपायी मागे पडली असं बहुतेकांना वाटतं. दोष होतेच. ‘गोटू’ लिहून प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी मारता येई आणि शंभरेक ओळींनंतर लिहिणाऱ्यालाच आपला पत्ता लागत नसे. पण भाषेची पुढची कहाणी पाहिली, तर घात दोषांनी केला नाही. दोष काढता काढता ती ज्यांच्यासाठी जन्मली होती त्यांनाच बाहेर काढलं गेलं.

अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये बेसिक तयार केली, ती गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही डोळ्यांसमोर ठेवून. तोवर पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची, अशी रीत होती. डार्टमाउथमध्ये अनेकांनी एकाच वेळी टेलिटाइपवर बसून प्रोग्रॅम लिहायचा, चुकायचं आणि लगेच दुरुस्त करायचं.

ही भाषा खरी फोफावली ती घरात आली तेव्हा. १९७५ मध्ये बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी ‘अल्टेअर ८८००’ या संगणकासाठी बेसिक लिहिली, तिची छोटी आवृत्ती चार किलोबाइट मेमरीच्या यंत्रावरही चाले. पुढे ॲपल टू, कमोडोर, स्पेक्ट्रम असे संगणक आले. यातले बरेचसे चालू केले की थेट बेसिकच समोर येई. म्हणजे असं यंत्र विकत घेणारा प्रत्येक जण, निदान पडद्यापुरता, प्रोग्रॅमर होता! मासिकांत छापलेले गेमचे कोड मुलं ओळीमागून ओळ टाइप करत, एक स्वल्पविराम चुकला की तासभर शोधत. भारतातही १९८४ च्या सुमारास केंद्राच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो आले आणि त्यांच्याबरोबर बेसिकही आली.

भाषा सुधारत होती, हे नाकारता येणार नाही. १९९१ च्या एमएस-डॉस ५ सोबत आलेल्या क्यूबेसिकमध्ये ओळींचे आकडे लिहिण्याची सक्ती नव्हती आणि प्रोग्रॅमचे नीट तुकडे पाडता येत. सोबत ‘गोरिला’ नावाचा गेम होता. इमारतींच्या गच्च्यांवर उभे दोन गोरिला एकमेकांवर स्फोटक केळी फेकतात. खेळणाऱ्याने कोन आणि वेग ठरवायचा, गुरुत्वाकर्षणही बदलायचं. महत्त्वाचं म्हणजे त्याचा पूर्ण कोड समोर उघडा. ज्याला हवं त्याने त्यात हात घालावा आणि बिघडवून पाहावं. एवढं चांगलं पाठ्यपुस्तक मायक्रोसॉफ्टने पुन्हा फुकट दिलं नाही.

त्याच वर्षी व्हिज्युअल बेसिक आली. पडद्यावरच्या खिडक्या रचण्यासाठी ॲलन कूपर यांनी बनवलेल्या साधनाला तिच्यात बेसिकची जोड मिळाली. बटण उचलायचं, फॉर्मवर ठेवायचं, डबल-क्लिक करायचं आणि ते दाबल्यावर काय व्हावं ते लिहायचं. १९९८ च्या व्हीबी ६ पर्यंत तिचा पसारा इतका वाढला की, दुकानाच्या बिलांचे आणि दवाखान्याच्या नोंदींचे प्रोग्रॅम त्या त्या कामातली माणसंच लिहू लागली. आपल्याकडच्या कॉलेजांत प्रोजेक्ट म्हणजे पुढे व्हीबी, मागे ॲक्सेसचा डेटाबेस, हे तेव्हा ठरलेलंच असे.

आणि २००२ मध्ये व्हीबी डॉट नेट आली. तांत्रिकदृष्ट्या मायक्रोसॉफ्टचं बरोबर होतं: नवी भाषा अधिक शिस्तशीर होती, मोठ्या कामांना पेलणारी होती. पण जुने प्रोग्रॅम तिच्यात जसेच्या तसे चालेनात. व्यावसायिक प्रोग्रॅमर नवं शिकला किंवा सी शार्प या भाषेकडे वळला. ज्याने आपल्या दुकानापुरता प्रोग्रॅम लिहिला होता, त्याने कशासाठी पुन्हा पहिलीत बसावं? मायक्रोसॉफ्टनेच गौरवलेल्या अनेक तज्ज्ञांनी २००५ मध्ये जुनी व्हीबी जगवा, असा अर्ज केला. तो मानला गेला नाही. २०२० मध्ये व्हिज्युअल बेसिक ही भाषा यापुढे वाढवणार नसल्याचं कंपनीने जाहीर केलं. गंमत अशी की, व्हीबी ६ चे जुने प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालतात.

शिकायला पायथन आहे, स्क्रॅच आहे, मग बेसिकसाठी रडायचं कशाला, असं कुणी विचारेल. दोन्ही उत्तम आहेत. पण ती शोधून आणावी लागतात. बेसिक समोर उभी असे. नेमकी हीच उणीव केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन यांना जाणवली. प्रवेशाला येणाऱ्या मुलांचा प्रोग्रॅमिंगचा हात कच्चा होत चाललेला पाहून सुरू झालेल्या खटपटीतून २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक आला. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने लाखो लोकांना माउस धरायला, पत्र टाइप करायला शिकवलं, ते मोलाचंच. मात्र त्यातून तयार झाले ते प्रामुख्याने वापरणारे.

लिहिणारे हवे असतील, तर शाळांच्या संगणक कक्षांत क्यूबी६४ ही बेसिकची नवी आवृत्ती टाकायला पैसे पडत नाहीत आणि क्यूबेसिकचे बहुतेक प्रोग्रॅम त्यावर चालतात. ज्यांच्या विंडोज संगणकावर एक्सेल आहे, त्यांना तेवढीही तसदी नको. एक्सेल उघडून ऑल्ट आणि एफ ११ एकत्र दाबावं. समोर येते ती व्हिज्युअल बेसिकच.