भाषण कुणासाठी लिहायचे?

दिवाळीची सुट्टी संपली की वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. आई वही घेऊन बसते, वडील कुठूनसे जुने भाषण पैदा करतात, आणि ‘हुंडा : एक सामाजिक समस्या’ घरोघरी पाठ होऊ लागते. अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि बंधुभगिनींनो, यातच अर्धे मिनिट जाते. पुढे अनादी काळ, एखादे सुभाषित आणि शेवटी चढवलेला आवाज. मुलीला ढाल मिळते. हुंडा जागचा हलत नाही. हलेल कसा? हे भाषण हुंडा घेणाऱ्यासाठी लिहिलेलेच नसते, ते परीक्षकांसाठी असते.

ही खोड नवी नाही. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांनी हैदराबादची एक सभा विसरू नये. नोव्हेंबर 1921 मध्ये तिथल्या विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे होते. 1893 साली स्वतः विधवेशी विवाह करून मगच पुनर्विवाहाचा प्रचार करणारा हा माणूस! इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे शांतपणे ऐकली गेली. मग आलमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलू लागले आणि सभागृहातल्या मराठी मंडळींनी टाळ्या पिटून, हुर्यो करून त्यांना बसवले. व्यासपीठावर सुधारणा आणि खाली ही तऱ्हा! त्याच रात्री तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाचा पाया घातला गेला. त्याच्या आरंभीच्या मंडळींत बुर्गुल रामकृष्णराव होते, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, पुढे 1952 साली हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झालेले. म्हणजे आपली भाषा जाणणारे लोकही आपण दुखावले. तेलुगू इतिहासात हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. आपल्या घरांत तो कितीजणांनी ऐकला आहे?

काहीजण म्हणतील, मुले तेलुगू-कन्नड शाळांत जातात, इंग्रजीत स्वप्ने पाहतात; निदान भाषण तरी शुद्ध मराठीत राहू द्या. ही भीती खोटी नाही. पण मराठी जड शब्दांनी टिकत नाही. ज्या मुलीला ‘स्त्रीदास्यविमोचन’ म्हणता येते, पण शेजारच्या तेलुगू काकूंना ‘कट्नम’ का घेऊ नये हे समजावता येत नाही, तिच्या मराठीचे आपण काय मिरवायचे? आपल्या गल्लीत हुंडा, कट्नम, जहेज आणि वरदक्षिणे अशा चार नावांनी तोच पैसा हात बदलतो.

तेव्हा भाषण लिहायला बसताना आधी समोर कोण बसणार ते लिहावे. मग त्यांच्याकडून नेमके काय हवे ते एका वाक्यात मांडावे. ‘समाज बदलला पाहिजे’ ही मागणी नव्हे, तो उसासा आहे. ‘ज्या लग्नात देणेघेणे ठरले, त्याच्या पंगतीला आपल्या घरचे कुणी बसणार नाही’ ही मागणी. ती नाकारणारा काय म्हणेल, हे त्याच्याच तोंडच्या शब्दांत उतरवावे: “मुलीचा बाप खुशीने देतो, आम्ही कुठे मागतो?” याला उत्तर सापडेपर्यंत पुढची ओळ लिहू नये. कायदा 1961 पासून आहे, एवढे सांगून तो गप्प बसणार नाही, त्यालाही ते ठाऊक आहे. त्याला विचारावे, खुशीने देणाऱ्या बापाला कर्ज का काढावे लागते? आणि त्याची खुशी मुलाच्या पगाराप्रमाणे कशी वाढते?

परीक्षकांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. हावभावाचे गुण कमी करा. पाच मिनिटांतली दोन प्रश्नांसाठी ठेवा, प्रश्न तेलुगूत, कन्नडात वा उर्दूत आला तरी चालेल. आणि पहिला प्रश्न विचारायला बोलवा त्या गृहस्थांना, ज्यांच्या मुलाची बोलणी सध्या सुरू आहेत.