आदल्या संध्याकाळची पंधरा मिनिटे

मा. प्राचार्य,
महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय, झाशी



लक्ष्मी तालाकाठून, गंगाधररावांच्या छत्रीच्या शेजारून हे पत्र लिहितो आहे. अँजिओग्राफी किंवा अँजिओप्लास्टीच्या आदल्या रात्री रुग्णाचा डोळ्याला डोळा लागत नाही, हे कुठल्याही रुग्णालयाला नवे नाही. त्यावर उपाय बहुधा एकच: ‘घाबरू नका.’ माझे म्हणणे असे, की ही धास्ती उतरवणे हा उपचाराचाच भाग आहे. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढते आणि जिच्यातून नळी सरकवायची ती मनगटातली बारीक धमनी आखडू शकते. म्हणजे रुग्णाची भीती डॉक्टरांच्याही आड येते. शिवाय रुग्ण बहुधा जागा असतो. खोली गार, टेबल अरुंद, एक्स-रेचे यंत्र छातीभोवती फिरते, डाय सोडताना कधी अंगभर ऊब पसरते. आधी कुणी सांगितले नसेल, तर त्या उबेचा अर्थ तो एकच लावणार: काहीतरी बिघडले.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांवर केलेला प्रयोग १९६४ साली प्रसिद्ध झाला. नंतर कुठे दुखेल, का दुखेल आणि तेव्हा काय करावे, हे ज्यांना भूलतज्ज्ञांनी नीट समजावले, त्यांना वेदनाशामके निम्मीच लागली. पोट म्हणजे हृदय नव्हे, कबूल. मानसिक तयारीवरच्या १०५ अभ्यासांचा २०१६ चा कॉक्रेन आढावाही पुरावा कच्चाच मानतो. पण पंधरा मिनिटांच्या बोलण्याला आणखी किती पक्का पुरावा हवा? झोपेची गोळी सोपी वाटते खरी. मात्र फ्रान्समध्ये १,०६२ रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली छापून आलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेआधी लोराझेपाम दिल्याने रुग्णांचा अनुभव काही सुधारला नाही.

जास्त सांगितले तर माणूस जास्त घाबरेल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. धोक्यांची यादी धडाधड वाचून दाखवली तर घाबरेलच. ती यादी संमतीसाठी लागतेच, सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या समीरा कोहली निकालाने तर पुरेशी माहिती बंधनकारकच केली. पण ‘काय बिघडू शकते’ आणि ‘तुम्हाला काय जाणवेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सांगायला हृदयतज्ज्ञच हवा असे नाही. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरने ती आदल्या संध्याकाळी, सहीच्या कागदावरच्या जड हिंदीत नव्हे तर बुंदेलीत सांगावी, नातेवाइकांना शेजारी बसवून. आणि उठण्याआधी रुग्णालाच विचारावे: उद्या काय होणार आहे, ते घरच्यांना तुम्ही कसे सांगाल?

आपला,
लक्ष्मी तालाकाठचा एक रहिवासी