समईचा उजेड

परवा एकदाचं ते पूर्ण झालं. आमच्या जुन्या घरातल्या देवघराचं बारा सेकंदांचं ॲनिमेशन. घर आता राहिलं नाही आणि देवघराचा धड एक फोटो कुणाकडे नाही (फोटो काढले ते सगळे ओटीवर, लग्नामुंजीतले!). म्हणून आठवेल तसं ब्लेंडरमध्ये उभं केलं. कोनाडा, सारवलेली जमीन, देव, समई. शेवटी ज्योतीला झकास ग्लो लावला. मी खूश.

आईला दाखवलं. तिने दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "समई छान आहे रे. पण देव अंधारातच आहेत की!"

झालं! महिनाभराची मेहनत एका वाक्यात आडवी.

पण तिचं बरोबर होतं. ग्लो म्हणजे उजेड नव्हे. चित्रातला सगळ्यात उजळ भाग वेगळा काढायचा, तो धूसर करायचा आणि मूळ चित्रावर परत मिसळायचा, एवढंच ते असतं. ज्योतीभोवती वलय येतं, पण मूर्तीला, भिंतीला त्यातलं काही मिळत नाही. खरं तर रात्री दिव्याभोवती आपल्याला वलय दिसतं ते बरंचसं डोळ्यात किंवा कॅमेऱ्याच्या भिंगात प्रकाश विखुरल्यामुळे. म्हणजे वलय बघणाऱ्याचं, उजेड दिव्याचा! ब्लेंडरच्या ईव्हीमध्ये पूर्वी 'ब्लूम'वर टिक केली की काम व्हायचं. २०२४ च्या ४.२ आवृत्तीत ती सोय गेली. आता चित्र तयार झाल्यावर कंपोझिटरमध्ये ग्लेअर नोड लावायचा. मला हे पटलं. ग्लोची जागा शेवटीच.

मग पुन्हा बसलो. ग्लो बंद, सगळे दिवे बंद, मिट्ट काळोख. ज्योतीच्या जागी एक छोटा पॉइंट लाइट ठेवला, केशरीकडे झुकणारा. त्याच्या तीव्रतेला नॉइज मॉडिफायर लावला, थोडं थरथरण्यापुरता. बाकी गणित प्रकाशाचंच: अंतर दुप्पट, तर उजेड चौथाई. देव उजळले, आढं काळोखात गेलं आणि समईच्या तबकाची सावली खाली जमिनीवर पडली. दिव्याखाली अंधार, न सांगता!

हल्ली दिवाळीच्या शुभेच्छांचे व्हिडिओ येतात त्यात पणती, रांगोळी, अक्षरं, सगळंच लखलखत असतं. माझं स्पष्ट मत आहे की यातला निम्मा ग्लो आळसापोटी येतो. उजेड कुठे पडेल याचा विचार करायला वेळ लागतो, ग्लोला एक क्लिक. निऑनच्या पाट्या किंवा १९८२ चा 'ट्रॉन' यांची गोष्ट वेगळी, तिथे चमक हाच विषय आहे. पण 'क्लाउस' (२०१९) पाहा. हाताने काढलेली पात्रं, तरी उजेड त्यांच्या गालावर, बाहीवर पडलेला दिसतो. म्हणून ती त्या खोलीतली वाटतात.

शेवटी ग्लो लावलाच, अगदी चिमूटभर. आईला पुन्हा दाखवलं. या वेळी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "इथे वर काजळी धरलेली असायची. तुझी आजी दर दिवाळीला पुसायची."

मला ती काजळी आठवतच नव्हती. उजेड नीट पडला म्हणून तिला दिसली.

असो. आता काजळी धरवायला बसतो.