लाल मातीतला गैरहजर माणूस

१/ “जुन्या पैलवानाला डॉक्टर लागत नसे; तालमीची माती हेच त्याचे औषध.” कुस्तीची जुनी छायाचित्रे फिरू लागली की हे वाक्यही फिरते, आणि तेही इतिहास म्हणून. तो इतिहास नव्हे. ती विस्मृती आहे.

२/ लातूरला हा विषय परका नाही. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातुरातच झाली आणि किताब पटकावला याच जिल्ह्यातील रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी. पुढच्याच वर्षी एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. अशा कुस्त्यांच्या आठवणींत डाव सापडतात, खुराक सापडतो, वस्तादांची परंपरा सापडते. मान मुरगळून जो घरी बसला त्याचे पुढे काय झाले, हे सहसा सापडत नाही. विजेत्यांच्या चरित्रांवरून दुखापती नव्हत्या असे म्हणणे म्हणजे अडतीवर आलेली पोती मोजून जिल्ह्यात दुष्काळ नव्हताच असे ठरवणे.

३/ आखाड्याच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतात. परंपरा देखणी आहे. मऊ माती पडण्याचा मारही हलका करते. पण त्या मातीने कान का वाचवले नाहीत? पैलवानाचे मोडलेले कान भूषण मानले जातात. प्रत्यक्षात रगड्याने कानाच्या कूर्चेवर रक्त साकळते, कूर्चेचे पोषण तुटते आणि कान गाठीसारखा घट्ट होतो. पहिल्या काही दिवसांत ते रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कानाचा आकार बहुधा टिकतो. म्हणजे मिरवली जाते ती उपचार न झालेली जखम.

४/ यात वस्तादांचा अवमान नाही. निखळलेला सांधा ओळखणारे, मालिशीत मुरलेले ते हात होते. तरीही वस्तादाला पठ्ठ्या जिंकायला हवा असतो, आयोजकाला कुस्ती निकाली हवी असते आणि गर्दीला थरार. पठ्ठ्याची मान पुढची चाळीस वर्षे शाबूत राहावी, एवढ्या एकाच गोष्टीशी बांधील असलेला माणूस या तिघांत नाही.

५/ डॉक्टर नुसता हजर असूनही भागत नाही. २००९ साली लंडनच्या हार्लेक्विन्स या रग्बी संघाच्या खेळाडूने, बदली खेळाडू मैदानात आणता यावा म्हणून, तोंडात नकली रक्ताची गोळी फोडली. ती लबाडी झाकण्यासाठी, त्याच्याच विनंतीवरून, संघाच्या डॉक्टरने त्याचा ओठ खरोखर कापला. (दुसऱ्या शतकात पर्गाममच्या ग्लॅडिएटरांवर गॅलन उपचार करी, त्यालाही नेमले होते प्रमुख पुरोहिताने, जखमींनी नव्हे.) डॉक्टर कोणाचा, हा प्रश्न जुना आहे.

६/ युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या जागतिक संघटनेच्या नियमांत त्याचे उत्तर आहे: पैलवानाला धोका दिसला तर स्पर्धेचा डॉक्टर कोणत्याही क्षणी कुस्ती थांबवू शकतो. जत्रेच्या फडात मात्र धोबीपछाडीत कोणी मानेवर आपटला की चौघे धावतात आणि हातपाय धरून त्याला उचलतात. मानेचा मणका मोडला असेल तर नेमकी ती उचलच मज्जारज्जूला कायमची इजा करू शकते. तेथे डॉक्टरचे पहिले काम औषध देणे नव्हे. “हलवू नका” असे ओरडणे आहे. आणि ते ओरडणे ऐकले जावे, इतका त्याचा अधिकार हवा.

७/ हे लातूरला सांगावे लागावे? ‘लातूर पॅटर्न’ने वैद्यकीय प्रवेशासाठी राज्यभर नाव कमावले; शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर मिळत नाहीत, ही सबब निदान येथे टिकत नाही. खर्चाची सबब तर शेवटच्या मानाच्या कुस्तीचा इनाम ऐकल्यावर कोणी काढूच नये.

८/ मैदानाच्या भित्तिपत्रकावर पाहुण्यांचे चेहरे असतात, पंचांची आणि समालोचकांची नावे असतात, कधी हलगीवाल्याचेही असते. डॉक्टर असलाच तर तो मंचावर, फेटा बांधून, पाहुण्यांच्या रांगेत. त्याची जागा खाली आखाड्याच्या कडेला, पंचाशेजारी आहे. आणि त्याचे नाव इनामाच्या आकड्याच्या वर छापले गेले पाहिजे.