चारा फेब्रुवारीत लागतो

27 सप्टेंबर 2024च्या सकाळी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पश्चिम डोंगराळ भागात जे पाणी चढलं, ते समुद्राचं नव्हतं. हेलीन चक्रीवादळ आदल्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं होतं. हे डोंगर तिथून शेकडो किलोमीटर आत. तरीही यान्सी काउंटीतल्या ब्युसिक नावाच्या ठिकाणी तीन दिवसांत 30.78 इंच, म्हणजे जवळपास 780 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सोलापुरात वर्षभरात सरासरी पडतो त्याहून हा जास्त. अॅशव्हिलमधून वाहणाऱ्या फ्रेंच ब्रॉड नदीने 1916च्या महापुराची खूण ओलांडली. एकट्या या राज्यात शंभरावर माणसं गेली.

माणसांबद्दल खूप लिहून आलं. हा स्तंभ जनावरांचा, म्हणून मी जनावरांकडे वळतो.

अमेरिकन गोपालन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेक्सासचं हजारो एकरांचं रान आणि घोड्यावरचा टोपीवाला येतो. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातला शेतकरी तसा नाही. वीस-पंचवीस गाई, एखादा वळू, उतारावरची कुरणं. घरातलं कुणीतरी बाहेर नोकरीला, त्यावर घर चालतं आणि गाई हौस आणि जोडधंदा यांच्या मधोमध कुठेतरी असतात. डोंगरात सपाट जमीन मिळते ती फक्त नदीकाठी. त्यामुळे वाळल्या चाऱ्याचं गवत वाढतं तिथेच, कापलं जातं तिथेच आणि यंत्राने बांधलेले त्याचे मोठे गोल गठ्ठे बऱ्याचदा बांधाला रचलेले असतात तेही तिथेच. सप्टेंबरअखेर म्हणजे हिवाळ्याची बेगमी जवळपास पुरी झालेली. पुराने नेमकी ती नेली. जे गठ्ठे वाहून गेले नाहीत ते गाळात बसले. त्यांत डिझेल आणि मैला मुरला. असा गठ्ठा वरून वाळला तरी आत बुरशी धरतो, तापतो, कधी पेटही घेतो. जनावरापुढे टाकायच्या लायकीचा तो राहत नाही.

मदत मात्र झपाट्याने आली. आसपासच्या राज्यांतले शेतकरी स्वतःच्या गोठ्यातले गठ्ठे ट्रेलरवर चढवून निघाले. कँटन या गावी जनावरांचा एक प्रादेशिक बाजार आहे, एरवी तिथे लिलाव होतात. तो चारा, खुराक आणि कुंपणाच्या सामानाचं कोठार बनला. चर्चचे गट आले, शेतकी शिक्षण घेणारी शाळकरी पोरं आली, निवृत्त ट्रकचालक आले. जिथे रस्ताच उरला नव्हता तिथे खेचरांच्या पाठीवर औषधं आणि शिधा गेला. कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि पावती कुणी मागितली नाही. या माणुसकीला माझा नमस्कार आहे, आणि पुढे जे लिहितो आहे ते तिला कमी लेखण्यासाठी नाही.

आता जरा हिशेब करू. साडेपाचशे किलोच्या गाईला वाळला चारा दिवसाला बारा-तेरा किलो लागतो. पंचवीस गाईंना सव्वातीनशे किलो. गोल गठ्ठा साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलोंचा, म्हणजे छोट्या कळपालाही रोज जवळपास एक गठ्ठा. लांब ट्रेलरवर असे तीसेक बसतात. म्हणजे दुसऱ्या राज्यातून शेकडो किलोमीटर आलेला, भोंगा वाजवत गावात शिरलेला, ज्याचा फोटो सगळ्यांनी काढला तो एक ट्रक एका शेतकऱ्याच्या कळपाला महिना-सव्वा महिना पुरतो. त्या डोंगरात गव्हाणीवर खाऊ घालायचा हंगाम असतो डिसेंबर ते एप्रिल. शिवाय बऱ्याच कळपांत गाई विणतात त्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. गाभण आणि नुकत्याच व्यालेल्या गाईची भूक सगळ्यांत मोठी, आणि कुरणात गवताचा पत्ता नसतो तो याच वेळी.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उतारावर अजून गवत उभं होतं. गाई उपाशी नव्हत्या. चाऱ्याचे ट्रक मात्र तेव्हाच रांगेने आले.

मग तेव्हा हवं काय होतं? आधी पाणी. वीज गेली की विहिरीवरचे, बोअरचे पंप बंद, आणि गाईला दिवसाला तीस ते साठ लिटर पाणी लागतं. नदीचं पाणी डोळ्यांपुढे वाहत असलं तरी त्यात काय मिसळलंय ते सांगता येत नव्हतं. अॅशव्हिल शहराच्या नळाला पिण्याजोगं पाणी परत यायला नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उजाडला, यावरून ओळखा. त्यामुळे जनरेटर घेऊन फिरणारा माणूस, पाण्याची टाकी गाडीवर टाकून दारोदार जाणारा माणूस त्या आठवड्यात चाऱ्याच्या ट्रकपेक्षा मोलाचा होता. दुसरं कुंपण. मैलोगणती काटेरी तार झाडांखाली गेली किंवा नदीबरोबर गेली. गाई रस्त्यावर, शेजाऱ्याच्या कळपात, पडक्या पुलाशी. कुंपण नाही तोवर चारा टाकायचा कुठे आणि कुणाच्या गाईला? लोखंडी खांब, तारेची भेंडोळी, करवत आणि चार धट्टीकट्टी माणसं, एवढं घेऊन जे आले त्यांनी खरं काम केलं. या कामाचे फोटो चांगले येत नाहीत.

एक धोका तर शहरातून आलेल्या स्वयंसेवकाच्या ध्यानातही येणार नाही. त्या डोंगरात रानटी चेरीची झाडं फार. वादळात फांदी मोडली आणि पानं सुकायला लागली की त्यांत सायनाइड तयार होतं. कुंपण मोडलेलं, झाड आडवं, कोवळा पाला तोंडाशी आलेला. गाय खाते आणि काही मिनिटांत कोसळते. कोवळी, पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाऊन आपल्याकडे जनावर लागतं ते याच विषाने. म्हणून पडलेल्या फांद्या कुरणातून ओढून बाहेर काढणं हेही जनावर जगवण्याचंच काम.

किनाऱ्यावरचं गणित वेगळं असतं, तेही सांगायला हवं. 2008च्या सप्टेंबरात आइक वादळाने टेक्सासच्या चेंबर्स काउंटीत समुद्र आत आणला. गवत उभं होतं पण खारट, डबकी भरलेली पण खारट. अशा ठिकाणी पहिल्या दिवसापासून गोडं पाणी आणि बाहेरचा चारा, दोन्ही लागतात. 2017मध्ये हार्वी वादळानंतर टेक्सासच्या नॅशनल गार्डने चिनूक हेलिकॉप्टरमधून पाण्याने वेढलेल्या गाईंसाठी चाऱ्याचे गठ्ठे खाली सोडले. ते योग्यच होतं, दुसरा मार्गच नव्हता. पण ती चित्रं लोकांच्या मनात इतकी ठसली की वादळ म्हटलं की चारा, लगेच चारा, असं समीकरण होऊन बसलं. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने भिजलेली दलदल आणि डोंगरातला गोड्या पाण्याचा पूर या दोन वेगळ्या आपत्ती आहेत, त्यांना एकच औषध कसं चालेल?

आलेल्या चाऱ्याचीही एक गोष्ट आहे. दानाच्या नावाखाली कोठार साफ करणारे जगात सगळीकडे असतात. दोन वर्षांचा, काळा पडलेला गठ्ठा गाय एखादवेळ निवडून खाईल, घोड्याला तो देताच येत नाही. शिवाय अमेरिकेच्या दक्षिण भागात बाहेरून आलेल्या अग्निमुंग्यांचा उपद्रव मोठा. उघड्या जमिनीवर ठेवलेल्या गठ्ठ्यांतून त्या पसरतात, म्हणून बाधित भागातून चारा हलवण्यावर बंधनं आहेत. नॉर्थ कॅरोलिनातल्या काही डोंगरी काउंट्या या बंधनांच्या बाहेर, कारण तिथे ही पीडा अजून बसलेली नाही. भल्या मनाने भरलेला ट्रक ती घेऊन जाऊ शकतो. आणि ट्रक पोचला तरी उतरवणार कोण? चारशे किलोचा गठ्ठा हाताने हलत नाही, ट्रॅक्टर लागतो. अरुंद पुलावरून लांब ट्रेलर जात नाही, मग छोट्या गाड्यांत पुन्हा भरा. टेनेसीकडून येणारा आय-40 महामार्ग पिजन नदीच्या घळईत तुटला होता. एकेक मार्गिका उघडली ती 1 मार्च 2025ला. म्हणजे ऐन गरजेच्या महिन्यांत पश्चिमेकडून येणाऱ्या गाड्यांना वळसा घालावा लागत होता.

अशा वेळी खरा आधार असतो तो विस्तार सेवेतला कृषी अधिकारी. कुणाकडे किती जनावरं, कुणाचं किती गेलं, कुणाच्या वाटेवरचा पूल किती वजन पेलतो, हे त्याच्या वहीत असतं. अमेरिकन सरकारच्या योजना आहेत: मेलेल्या जनावराच्या बाजारभावाच्या 75 टक्के भरपाई मिळते, वाहून गेलेल्या चाऱ्यासाठीही वेगळी तरतूद आहे. पण त्यासाठी फोटो हवेत, नोंदी हव्यात, अर्ज हवेत. दिवसभर कुंपण ओढून आलेल्या साठीच्या शेतकऱ्याला रात्री ते अर्ज भरून देणारा स्वयंसेवक मला ट्रकभर चाऱ्याच्या तोडीचा वाटतो.

हे सगळं मराठीत का लिहायचं? कारण 2025च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापुरात आणि अतिवृष्टीने मराठवाड्यात जे केलं, ते आपण पाहिलं आहे. दावणीला बांधलेली जनावरं दाव्यासकट गेली. मदत तेव्हाही धावली. पण आपली एक गंमत आहे. दुष्काळात आपण महिन्यांचा विचार करतो. 2018-19च्या दुष्काळात चारा छावण्या उन्हाळाभर चालल्या, जनावरामागे रोजचं अनुदान ठरलं, त्यात घोटाळेही झाले, पण काळाचा अंदाज बरोबर होता. पुरात मात्र आपण आठवड्याच्या पुढे बघत नाही. उसाचे वाढे भरून ट्रक पाठवतो. नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढतं, हे जनावरांचे डॉक्टर सांगून थकले. खरिपाचा भुसा कुजलेला, मका आडवी, आणि रब्बी ज्वारीचा कडबा हाती यायला फेब्रुवारी-मार्च. मधले तीन-चार महिने त्या गोठ्यात काय शिजतं, म्हणजे काय शिजत नाही, हे विचारायला कुणी जात नाही. त्या महिन्यांतच दुभत्या म्हशीला बाजार दाखवावा लागतो.

तेव्हा पुढच्या पुराच्या वेळी जी मंडळं, ज्या पतसंस्था, ज्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटना वर्गणी गोळा करतील त्यांना एवढीच विनंती: निम्मे पैसे लगेच खर्च करा, आणि तेही पाणी, गोठ्याचं छप्पर आणि औषधं यांवर. उरलेले निम्मे बँकेत राहू द्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन करा, कुणाच्या गव्हाणीत काय आहे ते विचारा आणि मग मुरघास, कडबा, जे म्हणतील ते घेऊन निघा.