सहकुटुंब : समुद्राचे झाकण उघडून

देशावरच्या शेतकऱ्याची पाण्याशी ओळख म्हणजे विहीर, पाट, ओढा आणि फार तर धरण. एवढ्या ओळखीवर आपण कोकणात समुद्र पाहायला जातो, पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेऊन काठावर उभे राहतो, शहाळे पितो, पोरांनी कपडे भिजवले म्हणून त्यांच्यावर ओरडतो आणि गाडीत बसून घरी येतो. समुद्र पाहिला म्हणून चार ठिकाणी सांगतो. खरे म्हणजे आपण पाहिलेले असते ते समुद्राचे झाकण. आत काय आहे ते पाहायचे राहूनच जाते.

हल्ली पोरे मोबाइलवर ते आतले पाहतात आणि ‘आपणही जाऊ’ म्हणून मागे लागतात. घरात बायकामाणसांना पोहता येत नाही, सासूबाई सत्तरीला टेकलेल्या, धाकटा सहा वर्षांचा. अशा घराने या भानगडीत पडावे की नाही? आमचे म्हणणे आहे, जरूर पडावे. मात्र काही गोष्टी घरूनच ठरवून निघावे. धक्क्यावर पोचल्यावर पाहू, म्हणू नये.

समुद्राच्या आत पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. एक म्हणजे काचेच्या तळाची होडी. तिच्या बुडाला मधोमध जाड काच पक्की बसवलेली असते, भोवती बाके असतात. बसल्या जागेवरून वाकून खाली पाहायचे, अंगाला पाणी लागत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचे मोठे झरे आहेत, तिथे १८७० नंतरच्या दशकात अशा होड्या सुरू झाल्या. आपल्याकडे अंदमानात नॉर्थ बे आणि जॉली बॉय बेटांपाशी त्या चालतात, लक्षद्वीपला बेटांभोवतीच्या संथ पाण्यातही चालतात. दुसरा मार्ग स्नॉर्केलिंगचा. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा चढवायचा, तोंडात वाकडी नळी धरायची आणि पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहायचे. यात बुडी मारायची नसते, हे आधी ध्यानात घ्या. पाठ वरच असते आणि नळीचे टोक हवेत.

काच कशाला हवी, असे कोणी विचारील. पाण्याचा पृष्ठभाग कधी स्वस्थ नसतो. प्रत्येक तरंगावर उजेड वेडावाकडा मोडतो, त्यात आभाळ चकाकते, म्हणून वरून पाहणाऱ्याला खालचे धड दिसत नाही. काच पाण्याला टेकली की त्या जागचा तरंग मोडतो आणि खिडकी उघडल्यासारखे होते. उघड्या डोळ्यांनी डोके पाण्यात घातले तर सगळे धूसर दिसते, कारण आपला डोळा हवेतून पाहण्यासाठी घडलेला आहे. मुखवटा डोळ्यासमोर हवेची लहानशी खोली तयार करतो, एवढेच त्याचे काम.

ही गंमत घरीही करता येते. पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा रिकामा डबा घ्या, त्याचे बूड कापून काढा, कडा कानशीने घासा म्हणजे हात कापणार नाही. त्या बाजूला जाड पारदर्शक प्लॅस्टिक ताणून सुतळीने करकचून बांधा. ही बाजू ओढ्याच्या संथ पाण्यात वीतभर दाबून वरून डोळा लावा. तळाचे गोटे, खेकडे, मासे स्वच्छ दिसतील. हाच डबा सहलीला बरोबर घ्या, कारण सगळ्याच ठिकाणी काचेची होडी मिळते असे नाही. साध्या होडीत बसलेल्या आजीला होडी थांबल्यावर या डब्यातून समुद्राचा तळ पाहता येतो. पोरांनी मात्र हा प्रयोग विहिरीच्या काठावर वाकून करायचा नाही, एवढे बजावून ठेवा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती जिवाशी गाठ आहे. स्नॉर्केलिंगची नळी वीत-दीड वीत लांब असते, हे पाहून आपली पोरे डोके लढवतात. शेतात ठिबकच्या, पीव्हीसीच्या नळ्या पडलेल्या असतातच. त्यातली दहा फुटी घेऊन विहिरीत खाली जाऊन बसू, श्वास वरून घेऊ, असे त्यांच्या मनात येते. हे कदापि होऊ देऊ नका. दोन हात खोलीवरच छातीवर पाण्याचा एवढा दाब येतो की वरची हवा आत ओढायला फुप्फुसे धड फुगत नाहीत. शिवाय लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास परत आत येतो आणि घेरी येते. नळी आखूड असते ती याच कारणाने. मुलांना नुसते ‘करू नका’ म्हणून भागत नाही, कारण सांगितले म्हणजे पटते.

आता कुठे जावे ते पाहू. अंदमान लांबचे आणि खर्चाचे. आपल्या आवाक्यातले म्हणजे मालवण. कुडाळ किंवा कणकवलीपर्यंत रेल्वे आहे, देशावरून घाट उतरून एसटीने जाता येते. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे, तेव्हा घरच्या म्हाताऱ्या माणसांना ‘खर्च कशाला’ म्हणायला जागा उरलेली नाही. मालवणच्या धक्क्यासमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले आणि १६६७ साली ते पुरे झाले. या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ, म्हणजे पोवळ्याच्या जातीचे जीव वाढतात आणि तिथेच स्नॉर्केलिंग चालते. १९८७ साली इथला २९ चौरस किलोमीटरचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अंदमानसारखे निळेशार पाणी इथे नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. चांगल्या दिवशी तळ दिसतो, वाईट दिवशी हिरवट धुके दिसते. दिवस निवडण्यातच निम्मे यश आहे.

दिवस कसा निवडावा? पावसाळ्यात प्रवासी होड्या बंदच असतात. दिवाळीनंतर पाणी निवळू लागते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ते सगळ्यात चांगले. ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकून काढणीला अवकाश असतो, तेव्हाचे चार दिवस आपल्यालाही सोयीचे. मे महिन्यात गर्दी फार आणि समुद्राचे लक्षण बदलू लागलेले असते. पंचांग तर आपल्या घरात असतेच, ते इथे कामाला येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी जोराने चढते-उतरते, ओढ वाढते आणि तळाचा गाळ ढवळतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. तेव्हा शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या आगेमागे जावे आणि सकाळी लवकर पाण्यावर असावे. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात आणि पोटात ढवळू लागते.

आमचा आग्रह आहे की सबंध होडी आपल्या घरापुरतीच ठरवावी. आठ-दहा माणसांचे कुटुंब असले, किंवा दोन भावांची बिऱ्हाडे मिळून गेली, तर माणशी पडणाऱ्या खर्चात फार फरक पडत नाही. फायदा असा की घाई नसते. परक्या बारा माणसांच्या होडीत एखाद्या सूनबाईला पाण्यात उतरायची भीती वाटली तर बाकीचे ‘लवकर करा’ म्हणतात, आणि ती एकतर नको तेव्हा उतरते नाहीतर उतरतच नाही. घरच्या होडीत तासभर नुसते काठाला धरून बसले तरी कोणी बोलत नाही. भाडे, वेळ, कोणकोणत्या वस्तू त्यात धरल्या आहेत, पाण्यात बरोबर कोण उतरणार, हे आधी बोलून घ्यावे. बाजारात बैल पाहताना आपण दात मोजतो. इथे होडी पाहावी. तिला नोंदणीचा क्रमांक आहे का, किती माणसांची परवानगी आहे आणि बसवतात किती. काचेच्या तळाची होडी हवी असेल तर आदल्या दिवशीच चौकशी करावी.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटली. वीस माणसे होती, त्यांतली दोन दगावली. हे भीती घालायला सांगत नाही, तरंगजाकीट का घालायचे ते सांगायला सांगतो. जाकीट धक्क्यावरच अंगावर चढले पाहिजे. ‘तिथे गेल्यावर घाला’ म्हणणाऱ्याच्या होडीत पाय ठेवू नये. सगळे पट्टे आवळून झाले की दुसऱ्याने खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. जाकीट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे. मुलांना मुलांच्याच मापाचे हवे. मोठ्यांचे जाकीट घातलेले पोर पाण्यात त्यातून निसटते. समुद्र खवळलेला दिसला आणि होडीवाला ‘चालतंय’ म्हणाला, तरी नको वाटल्यास नको म्हणावे. दिलेली अनामत गेली तर गेली.

पाण्यात उतरताना साडी नको. ती पायाभोवती गुंडाळते आणि पाणी पिऊन जड होते. सलवार-कमीज किंवा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि विजार बरी. पालथे तरंगताना पाठ आणि पोटऱ्या उन्हाने भाजतात, त्याचाही बचाव होतो. होडीतच बसून राहणार असाल तर नऊवारीही चालेल, वरून जाकीट मात्र हवेच. दागिने मुक्कामी कुलपात ठेवावेत. समुद्रात पडलेला कानातला डूल कोणी आणून देत नाही.

पोहता न येणाऱ्याने आधी किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून सराव करावा. नाकाने श्वास घ्यायची सवय मोडून तोंडाने घ्यायचा, ही एवढीच अडचण असते. नळीचे रबर दातांत धरा, ओठ मिटा आणि सावकाश, लांब श्वास घ्या. घाबरून भराभर श्वास घेतला तर नळीतली शिळी हवाच आत-बाहेर होते आणि धाप लागते. नळीत पाणी आले तर जोराने फुंकर मारा, बाहेर जाते. मुखवट्याच्या काचेवर आतून थुंकी चोळून धुतली की वाफ धरत नाही. किळस वाटली तरी उपाय खरा आहे. कपाळावरचे केस कडेखाली अडकू देऊ नका. मिशीवाल्यांच्या मुखवट्यात थोडे पाणी शिरतेच, पण तेवढ्यासाठी मिशी उतरवण्याचे कारण नाही. पहिल्यांदा वाटाड्याचा हात सोडू नका. पाच मिनिटांत भीती ओसरते, नाही ओसरली तर होडीत या. त्यात कमीपणा नाही.

हृदयविकार, दमा, फिट येणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, कान फुटलेला असणे, यांपैकी काही असेल त्यांनी पाण्यात उतरू नये. गरोदर बाईने होडीचे हेलकावेही टाळावेत. दारू घेतलेल्या माणसाला तर होडीतच घेऊ नये, मग तो घरचा कर्ता का असेना. होडी लागते त्यांनी सकाळी हलके खावे, अगदी उपाशी राहू नये. काचेतून सारखे खाली पाहत राहू नये, मधूनमधून लांब क्षितिजाकडे पाहावे.

आणि खाली दिसते काय? पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने येतात. पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे मासे खडक कुरतडताना दिसतात. कपारीत गोबरा दबा धरून असतो. पण आमच्या मते पाहण्यासारखे ते प्रवाळ. ते दगडासारखे दिसते, काही घुमटासारखे, काही मेंदूच्या वळ्यांसारखे. पण ते हजारो बारीक जिवांचे गाव आहे. प्रत्येक जीव चुन्याचे घर बांधतो आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि बराचसा भाग घरमालकाला देते. वाट्याने जमीन कसणाऱ्यासारखाच हा करार. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून कित्येक आठवडे तसेच राहिले की करार मोडतो, शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. उष्णता लवकर ओसरली तर ते सावरते, नाहीतर मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असे झाले. उन्हाने करपलेले पीक ज्याने पाहिले आहे त्याला हे दृश्य वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

घुमटासारखे प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढते, पुष्कळदा तेवढेही नाही. ताटाएवढा गोळा दिसला तर तो आपल्या थोरल्या मुलाच्या वयाचा असू शकतो. त्यावर दमून पाय टेकला की तेवढे गाव चिरडले, आणि आपलाही पाय कापला. म्हणून दम लागला तर उभे न राहता जाकिटावर उताणे पडावे. होडीवाल्याला नांगर प्रवाळावर टाकू देऊ नये. माशांना पाव-बिस्किटे टाकून गोळा करण्याची पद्धत पडली आहे, तीही नको म्हणून सांगावी. समुद्रातल्या माशाला पाव हे अन्न नव्हे. आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा आणणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

पाण्यातून आल्यावर अंगावरचे मीठ गोड्या पाण्याने धुवावे, कानांत काडी घालू नये, मुलांना भरपूर पाणी पाजावे. मग दुपार मोकळी असते, तेव्हा किल्ल्यात जाऊन दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी पाहाव्यात. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत पाणी गोडे. विहीर खणलेली माणसे आपण, इतरांपेक्षा तिथे आपला पाय जास्त वेळ रेंगाळतो. परतीची शेवटची होडी किती वाजता ते उतरतानाच विचारून ठेवा.